कुत्र्याची खाज: ॲलर्जीचा माग काढताना आधी काय, नंतर काय

रात्री दीड-दोनला अंधारात आवाज येतो. चप्, चप्, चप्. जरा थांबतो, पुन्हा सुरू होतो. आमच्या ढमीचा हा आवाज पहिले तीन-चार महिने मी कौतुकाने ऐकला. कुत्री भारी टापटिपीची आहे, अशी माझी समजूत. ढमी पांढरीशुभ्र. एक दिवस तिच्या पुढच्या पंजांवर, बोटांच्या बेचक्यांतले केस तांबूस झालेले दिसले, लोखंडाला गंज चढावा तसे. चिखल असेल म्हणून घासून धुतले. रंग हलला नाही. लाळेत पॉर्फिरिन नावाचं द्रव्य असतं आणि सतत चाटलेल्या पांढऱ्या केसांवर त्याचा असा डाग बसतो, हे नंतर कळलं. म्हणजे बिचारी महिनोन् महिने खाजेने हैराण होती आणि मी शेजारी झोपून तिच्या स्वच्छतेचं कौतुक करत होतो.

माणसाला ॲलर्जी म्हटली की शिंका, वाहतं नाक, चुरचुरणारे डोळे. कुत्र्यात तीच ॲलर्जी बहुतेक वेळा कातडीवर उतरते आणि खाजेच्या रूपाने दिसते. नवखा माणूस शिंकांची वाट बघत बसतो, ही पहिली चूक. दुसरी जास्त महागात पडते. खाज लक्षात आली की तो लगेच खाणं बदलतो, दहा दिवसांत पुन्हा बदलतो, मग नवा शाम्पू, मग कुणी सांगितलेलं तेल. सहा महिने निघून जातात आणि कशाने काय झालं याचा पत्ता लागत नाही. या कामात हुशारीपेक्षा क्रम उपयोगी पडतो: आधी परजीवी, मग संसर्ग, मग अन्न, आणि सगळ्यात शेवटी घरातल्या-हवेतल्या गोष्टी. मधली एखादी पायरी गाळायचा मोह होतो. मलाही झाला होता, त्याचं पुढे सांगतो.

क्रमाबाहेरचं: धाव कधी ठोकायची

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर, क्वचित लस किंवा औषध दिल्यावर, काही मिनिटांपासून काही तासांत कुत्र्याचं तोंड सुजतं, पापण्या फुगतात, अंगावर गांधी उठतात. नुसती सूज असली तरी डॉक्टरांना लगेच फोन करा. पण त्याबरोबर उलट्या, जुलाब, पांढऱ्याफटक हिरड्या, धाप, तोल जाणं यातलं काही दिसलं तर फोनवर वेळ न घालवता कुत्र्याला गाडीत घाला. कुत्र्यात या तीव्र प्रतिक्रियेचा तडाखा यकृताला आणि पोटाला जोरात बसतो. त्यामुळे अंगावर एकही गांध नसताना अचानक उलटी, जुलाब आणि कोसळणं, असंही होऊ शकतं.

जाता जाता: या प्रतिक्रियेला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, आणि तो शब्द जन्मालाच आला कुत्र्यांमुळे. पोल पोर्तिए आणि शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1902 मध्ये समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचून पाहिलं. पहिल्या वेळी निभावून गेलेले कुत्रे काही आठवड्यांनी दुसऱ्या, अगदी लहानशा मात्रेने मेले. रिशेंना 1913 चं नोबेल मिळालं. त्यातलं आपल्या कामाचं इतकंच, की पहिल्यांदा काही झालं नाही म्हणून पुढच्या वेळी होणार नाही असं धरून चालू नये.

बाकी सगळी ॲलर्जी सावकाश चालणारी आहे. तिच्यासाठी धीर धरता येतो, धरावाच लागतो.

पायरी पहिली: खाज कुठे आहे आणि किती

एक वही करा. फोनमध्ये केलीत तरी चालेल, पण रोज लिहा. शून्य ते दहा असे गुण द्यायचे: शून्य म्हणजे निरोगी कुत्रा अधूनमधून खाजवतो तेवढंच, दहा म्हणजे खाणं, खेळणं, झोप सोडून सतत खाजवणं. रात्री खाजेने उठत असेल तर आकडा वरच्या बाजूला जाणार. घरातल्या एकाच माणसाने गुण द्यावेत, नाहीतर एकाचा चार दुसऱ्याचा सात होतो.

मोजताना नुसतं पायाने खरवडणं मोजू नका. पंजे चाटणं, मांडी कुरतडणं, गालिच्याला तोंड घासणं, कान फडफडवत डोकं झटकणं, जमिनीवर बूड घासत सरकणं ही सगळी खाजेचीच रूपं आहेत. (बूड घासण्याचं कारण गुदाजवळच्या ग्रंथी भरल्याचंही असतं, ते डॉक्टर एका मिनिटात तपासतात.)

मग जागा बघा. शेपटीचं बूड, कंबरेचा वरचा भाग, मांड्यांची मागची बाजू इथे जोर असेल तर संशय पिसवांवर. कानाच्या पाळीची कड, कोपरं आणि मागच्या पायांचे घोटे इथे खपल्या असतील तर खरूज. पंजे, काखा, जांघा, पोट, तोंडाभोवतीचा भाग आणि कानाची आतली बाजू लाल असेल तर अन्नाची किंवा वातावरणातली ॲलर्जी. या शेवटच्या दोघी नुसत्या बघून वेगळ्या ओळखता येत नाहीत. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञालाही येत नाहीत. कुणी फोटो पाहून "ही चिकनची ॲलर्जी" असं ठामपणे सांगितलं तर मान डोलवा आणि पुढच्या पायरीकडे वळा.

वय आणि ऋतूही लिहून ठेवा. वातावरणातली ॲलर्जी बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते. अन्नाची कधीही होऊ शकते; सहा महिन्यांच्या आत किंवा म्हातारपणाकडे झुकल्यावर पहिल्यांदाच खाज सुरू झाली तर तिचा विचार आधी करतात. दरवर्षी ठराविक महिन्यांतच खाज येत असेल तर परागकण किंवा पिसवा. बारा महिने असेल तर धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) किंवा अन्न. वेस्ट हायलँड टेरिअर, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर, जर्मन शेफर्ड या जातींत प्रमाण जास्त दिसतं, पण संकरित कुत्र्यांची यातून सुटका झालेली नाही.

ही माहिती घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर पहिली भेट दुप्पट कामाची होते. "खूप खाजवतो हो" या वाक्यातून त्यांना काहीच मिळत नाही.

पायरी दुसरी: पिसवा नाहीतच, हे सिद्ध करा

"आमच्या घरात पिसवा? शक्यच नाही." हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. आणि तिथेच पायरी गाळली.

पिसू चावली म्हणून कुणालाही थोडं खाजतं. पण काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचीच ॲलर्जी असते. त्यांना मोजके चावे पुरतात आणि खाज कित्येक दिवस चालते. त्यातून असा कुत्रा स्वतःला इतका कुरतडतो की पिसवा गिळून टाकतो. म्हणून ज्याला सगळ्यात जास्त त्रास, त्याच्याच अंगावर एकही पिसू सापडत नाही.

तपासायची साधी रीत आहे. पांढरा टिश्यू ओला करून जमिनीवर पसरा. कुत्र्याला त्यावर उभं करून कंबरेवरचे केस उलटे चोळा किंवा बारीक फणीने विंचरा. काळे मिरीच्या पुडीसारखे कण पडतील. साधी धूळ असेल तर ती काळीच राहील. पिसवांची विष्ठा असेल तर मिनिटभरात कणाभोवती तांबडं वर्तुळ पसरतं, कारण ती विष्ठा म्हणजे पचलेलं रक्तच. ढमीच्या वेळी टिश्यूवर अशी तीन वर्तुळं उमटली. तीनच. पण माझा सगळा तोरा उतरवायला तेवढी पुरली.

टिश्यू कोरा राहिला तरी उपाय करायचाच, कारण "नाहीत" हे डोळ्यांनी सिद्ध होत नाही. डॉक्टरांनी दिलेलं पिसूनाशक किमान तीन महिने, एकही तारीख न चुकवता. घरात जितकी कुत्री-मांजरं आहेत तितक्या सगळ्यांना, खाजवत नसलेल्यांनाही. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याचा जेमतेम वीसावा हिस्सा. बाकी अंडी, अळ्या आणि कोष होऊन गादीत, फटींत, सोफ्याखाली बसलेल्या असतात. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते आणि कोषातली पिसू महिनोन् महिने दडून राहते. म्हणून पहिल्या डोसनंतर पंधरा दिवसांनी पुन्हा पिसू दिसली की औषध खोटं होतं असं समजू नका. त्या नव्याने बाहेर पडलेल्या असतात. अंथरूण गरम पाण्यात धुवा, व्हॅक्यूम फिरवा, त्याची पिशवी लगेच घराबाहेर टाका.

इथे एक धोक्याची सूचना. कुत्र्यांच्या काही पिसूनाशकांत पर्मेथ्रिन असतं आणि ते मांजराला जिवावर बेततं. घरात मांजर असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील तर तेही सांगा, कारण आयसोक्साझोलिन गटातल्या पिसूनाशक गोळ्या अशा कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात.

पायरी तिसरी: खरूज आणि बुरशी-जंतूंचा हिशेब

खरजेचे माइट कातडीत बोगदे करतात आणि त्यांची खाज भयंकर असते. कानाच्या पाळीची कड बोटांत धरून हलकेच चोळली आणि कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवायला लागला, तर संशय वाढतो. घरातल्या माणसांच्या हातांवर किंवा पोटावर बारीक पुरळ आलं असेल तर तेही सांगा. कातडी खरवडून पाहिली तरी माइट प्रत्येक वेळी सापडत नाही, म्हणून डॉक्टर पुष्कळदा थेट उपचार करून फरक बघतात. आयव्हरमेक्टिन हे माइटवरचं जुनं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका. कॉलीसारख्या काही जातींत ते मेंदूवर जातं.

संसर्गाची गोष्ट वेगळी आहे आणि नवखे लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात. ॲलर्जीने कातडी आधी सुजते, तिचं कवच सैल पडतं, आणि मग तिच्यावर एरवी शांत बसलेले स्टॅफिलोकोकस जंतू आणि मॅलासेझिया ही यीस्ट, म्हणजे एक बुरशी, बेसुमार वाढतात. ही वाढ स्वतःच खाजवते. म्हणजे खाजेवर खाज चढते. कुत्र्याला आंबूस, जुन्या मोज्यांसारखा वास येत असेल, काखेतली कातडी जाड, काळपट, हत्तीच्या चामड्यासारखी झाली असेल, कानातून तपकिरी मळ येत असेल तर यीस्ट. पिवळट फोड, गोल चट्टे आणि त्यांच्या कडेने सुटणारी पापुद्र्यांची कड दिसली तर जंतू.

डॉक्टरांनी चिकटपट्टी कातडीवर दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली बघितली पाहिजे. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. ही तपासणी न करता दर वेळी अँटिबायोटिक लिहून दिलं जात असेल तर नम्रपणे विचारा, "एकदा स्लाइड बघू या का?" यीस्ट असताना अँटिबायोटिक दिल्याने काही साधत नाही, आणि वारंवार दिल्याने औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात. संसर्ग वरवरचा असेल तर क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू किंवा फोम एकट्यानेही पुष्कळ काम करतो.

संसर्ग आटोक्यात आल्यावर वहीतला आकडा पुन्हा बघा. आठवरून तीनवर आला असेल तर उरलेली खाज तेवढीच खरी ॲलर्जी. ॲलर्जीचं असंच असतं. भांडं थोडं पिसवांनी भरतं, थोडं यीस्टने, थोडं परागकणांनी, आणि एका दिवशी उतू जातं. सगळं भांडं रिकामं करता येईलच असं नाही, पण काठापासून दोन बोटं खाली आणलं तरी कुत्र्याला झोप लागते.

पायरी चौथी: आठ आठवड्यांचं पथ्य

खाज बारमाही असेल आणि वरच्या दोन्ही पायऱ्यांनंतरही उरली असेल, तर अन्नाची परीक्षा. यात सगळ्यात जास्त चिकाटी लागते आणि सगळ्यात जास्त लबाडी होते. लबाडी कुत्रा कमी आणि घरची माणसं जास्त करतात.

आधी एक समज काढून टाकू. ॲलर्जी प्रामुख्याने प्रथिनाची असते, आणि कुत्र्याने आधी, बहुधा बराच काळ, खाल्लेल्याच पदार्थाची असते. "पण हा दोन वर्षं हेच खातोय" हा युक्तिवाद इथे उलटा लागू पडतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अन्नाची ॲलर्जी सिद्ध झालेल्या 297 कुत्र्यांची नोंद आहे: गोमांस 34 टक्के, दुग्धजन्य पदार्थ 17, चिकन 15, गहू 13. म्हणजे "ग्रेन-फ्री" लिहिलेली पिशवी आणली की प्रश्न सुटला, असं नसतं. त्याच पिशवीत चिकन असू शकतं.

रक्त, लाळ किंवा केस पाठवून अन्नाची ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालू नका. केस-लाळेच्या चाचणीची परीक्षा घ्यायला संशोधकांनी खऱ्या कुत्र्याच्या नमुन्यांबरोबर नकली लवही पाठवली होती, आणि त्या नकली लवेलाही ॲलर्जी निघाली. अन्नाची ॲलर्जी ओळखायची खात्रीची रीत एकच: पथ्य, आणि नंतर मुद्दाम पथ्य मोडणं.

आहार दोन प्रकारचा असतो. एक, या कुत्र्याने जन्मात खाल्लं नाही असं प्रथिन आणि एकच पिष्टमय पदार्थ. दुसरा, हायड्रोलाइज्ड आहार, ज्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराच्या पहारेकऱ्याला ते ओळखू येत नाहीत. डॉक्टरांकडून मिळणारा आहार घ्या. दुकानातल्या साध्या पिशव्यांत लेबलवर नसलेली प्रथिनं सापडल्याचं तपासण्यांत वारंवार दिसलं आहे. एकाच यंत्रावर वेगवेगळी खाद्यं बनतात, दुसरं काय होणार. घरी शिजवणार असाल तर आठ आठवडे मोठ्या, निरोगी कुत्र्याचं निभतं, पण पिल्लाला तो आहार आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय देऊ नये. एकदम बदल न करता पाच-सात दिवसांत जुनं कमी, नवं जास्त करत जा.

आणि मग आठ आठवडे दुसरं काहीही नाही. काहीही म्हणजे बिस्किटाचा तुकडा, चीज, चघळायचं हाड, चवदार टूथपेस्ट, मांजराच्या वाटीतलं उरलेलं, फिरायला गेल्यावर शेजाऱ्याने प्रेमाने दिलेलं, सगळं बंद. इथे माझी फजिती सांगतो. ढमीचं पथ्य सहाव्या आठवड्यापर्यंत चोख चाललं होतं, तरी आकडा पाचाखाली येईना. वही उलटून पाहिली तर दर महिन्याच्या पहिल्या तारखेनंतर दोन-तीन दिवस आकडा चढलेला. पहिल्या तारखेला तिला चघळायची गोळी देत होतो. मांसाची चव लावलेली. पिसवांसाठीची! मागची पायरी नीट पाळण्याच्या नादात पुढची मोडत होतो. गोळी बदलून मानेवर थेंब टाकायचं औषध घेतलं आणि आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजले. जंताच्या गोळ्या, जिलेटिनच्या कॅप्सूल, सांध्यांची चघळायची पूरकं, सगळी लेबलं वाचा.

बक्षीस द्यायचं असेल तर त्याच आहारातले दाणे रोज बाजूला काढून एका डब्यात ठेवा. तोच "खाऊचा डबा" म्हणून वाजवा. कुत्र्याला डब्याचा आवाज आणि तुमचा हात कळतो. आतलं तेच आहे याची त्याला फारशी तक्रार नसते. घरात लहान मूल असेल तर जेवणाच्या वेळी कुत्रा दुसऱ्या खोलीत. यावर तडजोड नाही.

अन्नाची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी पाच आठवड्यांत पाचातल्या चारांना आणि आठ आठवड्यांत दहातल्या नऊंपेक्षा जास्त जणांना फरक पडतो, म्हणून आठची अट. खाज असह्य असेल तर डॉक्टर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे औषध देतात, पण शेवटी ते थांबवून किमान दोन आठवडे पाहावंच लागतं, नाहीतर फरक औषधाचा की आहाराचा ते कळणार नाही.

फरक पडला? आता जुनं अन्न पुन्हा सुरू करा. हे ऐकून लोक चिडतात. दोन महिने जिवाचा आटापिटा करून आलेलं सुख कोण घालवेल? पण त्या आठ आठवड्यांत ऋतू बदललेला असतो, पिसवा गेलेल्या असतात, संसर्ग बरा झालेला असतो. जुन्या अन्नावर दोन आठवड्यांच्या आत खाज परतली आणि पथ्यावर पुन्हा शमली, तरच निदान पक्कं. मग एकेक पदार्थ, प्रत्येकी दोन आठवडे, देऊन बघायचा आणि नेमका गुन्हेगार पकडायचा. जुन्या अन्नावर काहीच झालं नाही तर तुमची आयुष्यभराच्या महागड्या पथ्यातून सुटका. हा निकालही काही वाईट नाही.

पायरी पाचवी: जे उरतं ते

पिसवा नाहीत, खरूज नाही, संसर्ग बरा, अन्नाचा दोष नाही, तरी खाज आहे. आता ती वातावरणातली, म्हणजे ॲटोपिक डर्मटायटिस. हे निदान असं बाकीचं सगळं वगळूनच करतात. ते एका चाचणीत छापून येत नाही. अशा कुत्र्याच्या कातडीचं कवच मुळातच कच्चं असतं, त्यातून धुळीतल्या माइटचे, परागकणांचे, बुरशीचे कण आत शिरतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. घरातल्या धुळीतला डर्मॅटोफॅगॉइडिस फॅरिनी हा माइट या यादीत फार वर आहे.

मग रक्तातल्या IgE ची (ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंडाची) किंवा कातडीत टोचून करायची चाचणी कशाला? ॲलर्जी आहे का हे ठरवायला ती नको. निरोगी कुत्र्यांतही ती होकारार्थी येते. निदान झाल्यावर इम्युनोथेरपीच्या लशीत काय घालायचं, ते ठरवायला ती हवी. इम्युनोथेरपीत त्याच कणांची अगदी थोडी, हळूहळू वाढवत नेलेली मात्रा टोचून किंवा तोंडात थेंब टाकून देतात. निम्म्याहून जास्त कुत्र्यांना चांगला फायदा होतो, पण निकालासाठी वर्षभर थांबावं लागतं. तरुण कुत्रा, बारमाही खाज आणि घरच्यांचा संयम, असं जुळत असेल तर मी हा मार्ग जरूर विचारात घेईन.

औषधांबद्दल, आडपडदा न ठेवता

स्टेरॉइड स्वस्त, झटपट आणि खात्रीचं. तीव्र भडक्यावर थोडे दिवस दिलं तर त्याला बदनाम करण्याचं कारण नाही. तहान, भूक आणि लघवी वाढते हे आधी माहीत असू द्या, रात्री एकदा बाहेर न्यावं लागेल. महिनोन् महिने चालवलं तर कातडी पातळ होते, स्नायू झडतात, संसर्ग वाढतात. मनाने एकदम बंदही करायचं नाही. मात्रा उतरवत न्यावी लागते.

ओक्लासिटिनिबची गोळी खाजेवर पहिल्या दिवसातच काम सुरू करते. बारा महिन्यांखालच्या कुत्र्यांना आणि गंभीर संसर्ग असताना ती देत नाहीत. लोकिव्हेटमॅब हे इंजेक्शन खाजेचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या इंटरल्युकिन-31 ला मध्येच पकडतं आणि साधारण चार ते आठ आठवडे टिकतं. पिल्लांना आणि दुसरी औषधं चालू असलेल्या म्हाताऱ्यांना ते सोयीचं पडतं. सायक्लोस्पोरिन या औषधाचा गुण यायला चार-सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीला उलट्या होऊ शकतात.

अँटिहिस्टामिन माणसाला उपयोगी, कुत्र्याला फारसं नाही. आपल्या कपाटातली सर्दीची गोळी तर मुळीच नको: तिच्यात स्यूडोएफेड्रिन असू शकतं, पातळ औषधात झायलिटॉल असू शकतं, आणि दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. माणसांचं झिंक ऑक्साइडचं मलम तो चाटून पोटात घेतो. टी-ट्री तेलाने कुत्रे आजारी पडतात. "नैसर्गिक आहे" म्हणून सांगितलेल्या गोष्टीबद्दल मला हल्ली जास्तच सावध राहावंसं वाटतं.

रोजचं

आठवड्यातून एकदा अंघोळ, कोमट किंवा गार पाण्याने. गरम पाण्याने खाज चाळवते. शाम्पू कुत्र्याचाच हवा, कारण त्याच्या कातडीची आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असते. औषधी शाम्पू लावून पूर्ण दहा मिनिटं थांबायचं, आणि ती दहा मिनिटं घड्याळात बघायची. अंदाजाने मोजली की चार होतात. मानेवर थेंब टाकायचं औषध वापरत असाल तर त्याच्या आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नको.

फिरून आल्यावर पंजे ओल्या फडक्याने पुसून बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा. ओले राहिलेले पंजे म्हणजे यीस्टला निमंत्रण. कानात बड घालू नका. कुत्र्याची कानाची नळी इंग्रजी एल अक्षरासारखी वळते, बडने मळ त्या वळणापलीकडे ढकलला जातो. आणि कान दुखत असेल, मान एका बाजूला कलत असेल, तर डॉक्टरांनी पडदा शाबूत आहे हे बघितल्याशिवाय कुठलेही थेंब टाकू नका. ओमेगा-3 चं तेल कवचाला मदत करतं, पण आठ ते बारा आठवडे दिल्याशिवाय त्याच्याबद्दल मत बनवू नका. पथ्य चालू असेल तर ते कशापासून काढलं आहे तेवढं बघून घ्या.

खाजवणाऱ्या कुत्र्याला "नको, नको" म्हणून ओरडणं सोडून द्या. त्याला ते थांबवता येत नाही, आणि तो मग तुमच्या नजरेआड जाऊन खाजवतो. मग वहीतला आकडा खोटा पडतो.

ढमी आता सहा वर्षांची आहे. तिची वही बहुतेक दिवस दोनवर असते. मागच्या आठवड्यात एका रात्री पुन्हा तो आवाज आला, सकाळी मी सहा लिहिले. खाणं बदललं नव्हतं, ऋतू तोच होता. मग आठवलं, दहा दिवसांपूर्वी पाहुणे आले होते आणि त्यांचा कुत्रा दोन रात्री ढमीच्याच गादीवर झोपला होता. मी उठून टिश्यू ओला केला.